जांभळ्या शाईतला पुरावा: सुपरहिरोंच्या इतिहासासाठी फॅनझीनवर किती विसंबायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात चूक झाली असेल तर लगेच कळेल. 1956 ते 1970 या काळात अमेरिकेत सुपरहिरो कॉमिक्स पुन्हा जोरात आली, त्यावर तुम्हाला कोल्हापुरात बसून एम. ए.ची प्रबंधिका लिहायची आहे. चाहत्यांनी घरच्या घरी काढलेल्या अंकांचे, म्हणजे फॅनझीनचे, पन्नासेक स्कॅन तुमच्याकडे आहेत. सर म्हणतात, पोरासोरांनी घरी छापलेले कागद म्हणजे पुरावा नव्हे, प्रकाशकांचे अधिकृत इतिहास वाचा. त्यात बॅटमॅन कोणी निर्माण केला याची तीन ठिकाणी तीन उत्तरं मिळाली आणि तुम्हालाही सरांचंच पटायला लागलं.

सरांचं अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हे लांबलचक उत्तर.

मी मूळची सांगलीची. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आणि मँड्रेक मराठीत वाचून वाढले, आणि पुढे अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात 22 वर्षं कॉमिक्स आणि फॅनझीनची नोंदणी करण्यात गेली. म्हणजे कागद हातात घ्यायचा, तो कोणी, कधी, कुठे आणि कशावर छापला ते ठरवायचं, आणि कार्डावर चढवायचं. सिद्धान्त मांडणं हे माझं काम नव्हतं. पण 'हे खरं कशावरून?' हा प्रश्न रोज सकाळी टेबलावर असायचा.

फॅनझीन विश्वासार्ह आहे का, या प्रश्नाला एक उत्तर नाही. तुम्ही त्याला काय विचारताय त्यावर ते ठरतं. कोणत्या कॉमिकचा खप किती होता हे फॅनझीनला विचारू नका, तिथे सरांचं ऐका. अमेरिकेत सवलतीच्या टपालदराने जाणाऱ्या नियतकालिकांना 1960 पासून मालकीच्या वार्षिक निवेदनात सरासरी खपही छापावा लागला. ते बारीक टायपातलं निवेदन कॉमिकच्याच एखाद्या पानावर सापडतं. 1960 साली 'सुपरमॅन'चा सरासरी खप सुमारे 8 लाख 10 हजार होता, तो तिथूनच कळतो. पण वाचक त्या कॉमिकबद्दल काय बोलत होते, कुठल्या गोष्टीवर चिडत होते, लेखक-चित्रकारांची नावं त्यांना कशी कळली, हे कुठल्याही अधिकृत इतिहासात मिळणार नाही. कंपनीला ते लिहून ठेवायची गरज नव्हती, आणि काही बाबतीत तर ते लिहिलं न जाण्यातच तिची सोय होती.

सर फॅनझीनकडे कॉमिक्सवर बाहेरून केलेली टिप्पणी म्हणून बघतायत असं मला वाटतं. इतिहास बघितला तर हे अंक आतलेच आहेत. सुपरमॅनचं नाव पहिल्यांदा छापलं गेलं ते फॅनझीनमध्येच. क्लीव्हलँडच्या ग्लेनव्हिल हायस्कूलमधल्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन मुलांनी 'सायन्स फिक्शन' नावाचा सायक्लोस्टाईल अंक काढला. त्याच्या जानेवारी 1933 च्या अंकात सीगलने टोपणनावाने एक कथा लिहिली आणि शुस्टरने तिची चित्रं काढली. तिच्यातला सुपरमॅन खलनायक होता: एका शास्त्रज्ञाच्या औषधाने दुसऱ्यांच्या मनातलं वाचण्याची शक्ती मिळालेला एक भणंग माणूस. पाच वर्षांनी, जून 1938 ही तारीख असलेल्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात तोच शब्द निळा-लाल पोशाख घालून आला. दोघांना सगळ्या हक्कांसाठी मिळाले 130 डॉलर.

पण या पोरांना असा अंक काढायचं सुचलं कुठून? ह्यूगो गर्न्सबॅकने 1926 मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' हे विज्ञानकथांचं मासिक काढलं आणि वाचकांची पत्रं छापताना त्यांचे पूर्ण पत्तेही छापले. बस, एवढंच. वाचकांनी एकमेकांना थेट लिहायला सुरुवात केली, मंडळं निघाली, मंडळांची पत्रकं निघाली. शिकागोच्या एका मंडळाचं मे 1930 मधलं 'द कॉमेट' हे पहिलं फॅनझीन मानलं जातं, आणि 'फॅनझीन' हा शब्द आला त्यानंतर दहा वर्षांनी, 1940 मध्ये. 1932 मध्ये ज्युलियस श्वार्ट्झ आणि मॉर्ट वाइसिंगर या न्यूयॉर्कच्या तरुणांनी मित्रांसोबत 'द टाइम ट्रॅव्हलर' काढला. ही दोन नावं वहीत लिहून ठेवा. वाइसिंगर पुढे सुपरमॅनचा संपादक झाला. आणि तुमच्या प्रबंधिकेची सुरुवात जिथे होते, त्या 1956 च्या 'शोकेस' या कॉमिकच्या क्रमांक 4 मध्ये फ्लॅश या जुन्या सुपरहिरोला नव्या रूपात आणणारा संपादक होता श्वार्ट्झ.

1961 मध्ये श्वार्ट्झने आपल्या कॉमिक्सच्या पत्रस्तंभात वाचकांचे पूर्ण पत्ते छापायला सुरुवात केली. गर्न्सबॅकने केलं तेच, तिशी उलटून गेल्यावर, आणि परिणामही तोच. (पत्रस्तंभ होता त्याचंही एक व्यावहारिक कारण होतं. सवलतीचा टपालदर मिळायला अंकात निव्वळ मजकुराची थोडी पानं लागत. आधी तिथे कोणी न वाचणाऱ्या छोट्या गोष्टी टाकत, मग पत्रं टाकणं सोपं आणि फुकट पडतं हे लक्षात आलं.)

डेट्रॉइटमध्ये विद्यापीठात शिकवणारा जेरी बेल्स हा 1940 च्या दशकातल्या 'ऑल-स्टार कॉमिक्स'चा वेडा वाचक. मिझुरीतल्या रॉय थॉमसलाही तेच वेड. थॉमसने जुन्या अंकांसाठी त्यांचे लेखक गार्डनर फॉक्स यांना लिहिलं, तर उत्तर आलं की बांधीव खंड बेल्सला आधीच विकले. तिथून या दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला. 1961 च्या फेब्रुवारीत बेल्स न्यूयॉर्कला श्वार्ट्झला भेटायला गेला. तिथे श्वार्ट्झने त्याला 'झीरो' हे फॅनझीन दाखवलं. ते डिक आणि पॅट लुपॉफ हे नवराबायको काढायचे आणि त्यात जुन्या कॉमिक्सवर लेखमाला चालू होती. बेल्स घरी परतला आणि मार्चमध्ये 'ऑल्टर-इगो'चा पहिला अंक निघाला. त्याच वर्षी ओहायोत डॉन आणि मॅगी थॉम्पसन यांचं 'कॉमिक आर्ट' सुरू झालं, मायामीत 'रॉकेट्स ब्लास्ट' निघालं, आणि जुन्या अंकांच्या खरेदी-विक्रीच्या जाहिरातींसाठी बेल्सनेच 'कॉमिकलेक्टर' काढलं. चार वर्षांनी थॉमस मार्व्हलमध्ये नोकरीला लागला आणि 1972 मध्ये स्टॅन लीच्या जागी मुख्य संपादक झाला.

तेव्हा सरांना एवढं सांगा: ज्या संपादकाने हे पर्व सुरू केलं तो फॅनझीनमधून आला, ज्याने पुढे ते चालवलं तोही फॅनझीनमधून आला, आणि अशा वाचकांना एकमेकांशी जोडणारा एक दुवा पत्रस्तंभात छापलेले घरचे पत्ते हा होता. हे बाजूला ठेवून लिहिलेला इतिहास अपुराच राहील. तरीही पटलं नाही तर मराठीतलं उदाहरण द्या. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर यांच्या मंडळींचं 'शब्द' हे अनियतकालिक सायक्लोस्टाईलवरच निघत होतं. साठोत्तरी कवितेवर काम करणाऱ्या कुठल्या विद्यार्थ्याला 'ते घरी छापलेलं आहे, साधन म्हणून चालणार नाही' असं कोणी सांगेल का?

आता स्कॅनकडे येते, कारण खरी फसगत तिथे होते. ते बघताना पहिली गोष्ट बघायची ती शाईचा रंग. जांभळा असेल तर तो अंक बहुधा स्पिरिट डुप्लिकेटरवर काढलेला आहे. तिकडे त्याला डिट्टो म्हणायचे. मूळ पानाच्या मागे रंगाचा मेणकट थर बसतो, कोरा कागद स्पिरिटने किंचित ओलावतात, आणि दर प्रतीला त्या थरातला थोडा थोडा रंग कागदावर उतरतो. रंग संपला की खेळ संपला. एका मूळ पानातून शंभर-दोनशे प्रती नीट निघतात, पुढच्या फिक्या होत जातात. 'ऑल्टर-इगो'चा पहिला अंक असाच निघाला. काळी शाई आणि खडबडीत, शाई शोषणारा कागद असेल तर तो मिमिओग्राफ, म्हणजे आपलं सायक्लोस्टाईल. शाळेच्या चाचणी परीक्षेचे पेपर ज्यावर निघायचे तेच यंत्र. त्यात स्टेन्सिल टाइप करायची, चित्र लोखंडी लेखणीने कोरायचं, आणि प्रती हजाराच्या घरात काढता येतात. चित्रांची बारीक रेघ आणि करडी छटा दिसली की ऑफसेट, म्हणजे काढणाऱ्याकडे थोडे पैसे आलेत.

हे तुमच्या कामाचं अशासाठी की छपाईचं तंत्र प्रतींची मर्यादा सांगतं. डिट्टोवरच्या अंकातलं मत फार तर दोनेकशे घरांत पोचलेलं असतं. 'त्या काळचे वाचक म्हणत होते' असं वाक्य त्याच्या आधारावर लिहिलंत तर परीक्षक बरोबर तिथे बोट ठेवतील. आठ लाख प्रती खपणाऱ्या कॉमिकचे वाचक आणि हे दोनशे लोक एक नव्हेत. तुम्ही म्हणू शकता ते एवढंच, की सर्वांत कडव्या वाचकांचा एक गट असं म्हणत होता, आणि संपादकांच्या टेबलावर त्यांचे अंक पोचत होते.

डिट्टोचा दुसरा स्वभाव मला महागात पडला. नोकरीच्या सुरुवातीला एका छोट्या प्रदर्शनात मी एक जांभळं पान काचेच्या पेटीत उघडं ठेवलं, वर ट्यूबलाइट. सहा आठवड्यांनी पेटी उघडली तर उजव्या पानावरचा मजकूर डाव्यापेक्षा स्पष्ट फिका झालेला. त्या शाईतला ॲनिलिन रंग उजेडाने उडतो हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण लक्षात राहिलं ते त्या दिवसापासून. तेव्हा तुमच्या स्कॅनमध्ये एखादी ओळ कोरी दिसली तर ती मुळात कोरी होती असं धरू नका. आणि काळ्या-पांढऱ्यात केलेल्या स्कॅनवर तर अजिबात विसंबू नका, फिका जांभळा त्यात सरळ पांढरा होऊन जातो.

पुनर्मुद्रणांचं वेगळंच दुखणं आहे. 'ऑल्टर-इगो'तले निवडक लेख पुढे पुस्तकरूपात आले, वाचायला सोयीचे आहेत, जरूर वाचा. पण निवड करणाऱ्याने लेख घेतले, जाहिराती सोडल्या. मी इतकी वर्षं ज्यांच्यावर सर्वांत जास्त विसंबले त्या जाहिरातीच आहेत: कोण काय विकत होतं, कोणाला काय हवं होतं, किती किमतीला. लेख लिहिणारा माणूस आपली आवड सजवून मांडतो. जुना अंक विकणाऱ्याला तसं करून चालत नाही, गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं.

आता बॅटमॅनचं. तुमच्या तीन उत्तरांचा गुंता मी ओळखते. एक म्हणतं, बॉब केन. दुसरं म्हणतं, बॉब केन आणि बिल फिंगर. तिसरं म्हणतं, खरा निर्माता फिंगरच. हे तिन्ही स्रोत कधीचे आहेत ते बघा, म्हणजे बरीचशी गाठ सुटेल.

मे 1939 च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' क्रमांक 27 मध्ये बॅटमॅन आला. वर नाव चित्रकार केनचं. कथा लिहिली होती बिल फिंगरने. त्या काळात बहुतेक कॉमिक्समध्ये लेखकाचं नाव छापतच नसत, आणि केनचा कंपनीशी करारच असा होता की निर्माता म्हणून त्याचं एकट्याचंच नाव येई. फिंगर पानामागे ठरलेल्या पैशांवर लिहिणारा माणूस, त्याचा करार कंपनीशी नव्हताच. पंचवीस वर्षं हे असंच चाललं. वाचणाऱ्या पोरांना फिंगर नावाचा माणूस आहे हेच माहीत नव्हतं.

1965 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला चाहत्यांचं संमेलन भरलं आणि फिंगर तिथे चर्चेत बसला. त्यानंतर जेरी बेल्सने त्याच्या सांगण्यावरून एक लेख लिहिला: बॅटमॅनच्या जडणघडणीत फिंगरचा वाटा किती मोठा होता. हा लेख आला 'कापा-अल्फा'मध्ये. ते नेहमीचं फॅनझीन नव्हतं. प्रत्येक सभासदाने आपापली पानं छापून एकाकडे पाठवायची आणि त्याने सगळ्यांचे गठ्ठे बांधून परत सगळ्यांना पाठवायचे, अशी ती भिशी होती. म्हणजे हा लेख वाचणारे लोक बोटांवर नाही, पण एका वर्गात बसतील एवढेच. तरी केनला तो कळला. त्याने सप्टेंबर 1965 मध्ये 'बॅटमेनिया' या फॅनझीनच्या संपादकाला, बिलजो व्हाइटला, लांबलचक उत्तर पाठवलं: बॅटमॅन माझी एकट्याची निर्मिती आहे. व्हाइट हा मिझुरीतल्या कोलंबिया गावचा अग्निशमन दलातला माणूस, बॅटमॅनचा निस्सीम भक्त. ते पत्र त्याने लगेच छापलं नाही. 1967 मध्ये छापलं.

कल्पना करा, लाखोंनी खपणाऱ्या बॅटमॅनच्या श्रेयाचा वाद त्याच्या निर्मात्यांपैकी एकजण एका अग्निशामक जवानाच्या घरगुती अंकात लढतोय. कंपनीच्या कुठल्याही छापील इतिहासात 1965 मध्ये या वादाचा मागमूस नव्हता. फिंगर 1974 च्या जानेवारीत गेला. 1989 मध्ये केनने आत्मचरित्रात फिंगरचा वाटा मोठा होता आणि त्याला श्रेय मिळायला हवं होतं असं मान्य केलं. अधिकृत श्रेयनामावलीत फिंगरचं नाव यायला 2015 उजाडलं. म्हणजे तुम्ही 2015 च्या आधीचा अधिकृत स्रोत उघडलात तर एक उत्तर मिळेल, नंतरचा उघडलात तर दुसरं. तिसरं उत्तर फिंगरच्या बाजूने तळमळून लिहिणाऱ्यांचं आहे. मला त्यांच्याबद्दल सहानुभूती आहे, पण तळमळ म्हणजे कागद नव्हे.

आणि इथेच सरांचं जे अर्धं बरोबर आहे ते येतं. बेल्सचा लेख 1965 चा आहे आणि घटना 1939 ची. मध्ये 26 वर्षं. फिंगरने सांगितलं ते आठवणीतून, केनने नाकारलं ते अहंकारातून आणि करार सांभाळण्यासाठी, आणि बेल्स मुळात फिंगरच्या कथांचा चाहता. मग बेल्सच्या लेखाचा उपयोग काय? 1939 मध्ये काय घडलं याचा तो दुय्यम पुरावा आहे, तपासून घ्यावा असा. 1965 मध्ये श्रेयाचा प्रश्न कोणी, कुठे, कसा उपस्थित केला याचा मात्र तो प्राथमिक पुरावा आहे, आणि याहून चांगला मिळणार नाही. कागद एकच, प्रश्न बदलला की त्याचा दर्जा बदलतो. तुमच्या प्रबंधिकेचा काळ 1956 ते 1970 आहे, म्हणजे तुमच्यासाठी तो बहुतांशी दुसऱ्या प्रकारात बसतो. हे वाक्य पद्धतीच्या प्रकरणात घाला, सरांची निम्मी हरकत तिथेच मिटेल.

मुलाखतींना हाच नियम, जरा जास्त कडक. 1990 मध्ये 'द कॉमिक्स जर्नल'मध्ये मार्व्हलचा चित्रकार जॅक कर्बी याची मोठी मुलाखत आली. त्यात त्याने मार्व्हलच्या पात्रांच्या निर्मितीत स्टॅन लीचा वाटा जवळपास शून्यावर आणला. स्टॅन लीचं सांगणं अर्थातच वेगळं. 1961 च्या गोष्टीबद्दल तीस वर्षांनी, मूळ चित्रं परत मिळवण्यासाठी कंपनीशी झालेल्या लांबलचक झगड्यानंतर दिलेली ती मुलाखत आहे. वाचा, पण तिच्यावर एकटीवर काही उभं करू नका.

फॅनझीनमध्ये मला सर्वांत भरवशाचा वाटणारा भाग सर्वांत कंटाळवाणा आहे: सूच्या. कोणत्या अंकात कोणती कथा, किती पानं, पेन्सिलने चित्र कोणी काढलं, त्यावर शाई कोणी फिरवली. बेल्सने आणि त्याच्या मित्रांनी सही नसलेल्या पानांवर रेघेच्या वळणावरून, हाताच्या बोटांवरून, घोड्यांच्या पायांवरून चित्रकार ओळखले, मग जिवंत असलेल्यांना पत्रं पाठवून खात्री करून घेतली. त्यातून 1973 ते 1976 मध्ये बेल्स आणि हेम्स वेअर यांचा अमेरिकन कॉमिक्समधल्या लोकांचा चार खंडांचा परिचयकोश निघाला. आज महाजालावरच्या ज्या मोठ्या कॉमिक्स-सूचीत तुम्ही नावं शोधता, तिच्या पायात ही माहिती आहे. चुका त्यातही आहेत. शैलीवरून केलेली ओळख आणि पत्राने झालेली खात्री यांत फरक करा. चांगल्या सूचीत अंदाजापुढे प्रश्नचिन्ह असतं. पुढच्या नकलांमध्ये ते प्रश्नचिन्ह गळून पडलेलं मी अनेकदा पाहिलंय.

छापील पुस्तक भरवशाचं आणि हौशी कागद नाही, या समजाला एक टोचणी हवी असेल तर फ्रेडरिक वर्थॅमचं नाव काढा. हा मानसोपचारतज्ज्ञ. 1954 च्या त्याच्या पुस्तकाने कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं देशाच्या मनावर ठसवलं, सिनेटची सुनावणी झाली आणि त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर कॉमिक्स कोड ही आचारसंहिता लादून घेतली. पुढे वर्थॅमचे कागद अमेरिकी काँग्रेसच्या (संसदेच्या) ग्रंथालयात अभ्यासकांना खुले झाले. ते तपासून कॅरल टिली या अभ्यासिकेने 2012 मध्ये दाखवलं की त्याने मुलांच्या साक्षी जोडल्या, तोडल्या, बदलल्या. नामांकित प्रकाशकाचं, डॉक्टरी पदवीचं पुस्तक! आणि गंमत म्हणजे याच वर्थॅमने 1973 मध्ये शेवटचं पुस्तक लिहिलं ते फॅनझीनवर, आणि त्यात या पोरांचं भरभरून कौतुक केलं.

आता एक गोष्ट जी तुम्ही विचारलेली नाही, पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तुमचा विषयच चाहत्यांच्या चौकटीत अडकलाय. 1956 पासून 'पुनरुज्जीवन' ही मांडणी कोणाची? 'सुवर्णयुग' हा शब्द 1940 च्या आसपासच्या कॉमिक्सच्या संदर्भात रुळला तो लुपॉफच्या 1961 च्या लेखातून, आणि तो छापला 'कॉमिक आर्ट'ने. 1956 पासूनच्या पर्वाला दिलेल्या 'रौप्ययुग' या नावाचं मूळ तर 1966 च्या एका कॉमिकमधल्या वाचकाच्या पत्रात दाखवतात. ही विभागणी करणाऱ्यांचं प्रेम होतं 'ऑल-स्टार'मधल्या जस्टिस सोसायटी या सुपरहिरोंच्या संघावर. ते नायक गेले तेव्हा यांच्या लेखी सगळंच संपलं, आणि फ्लॅश परत आला तेव्हा सगळं परत आलं.

पण सुपरमॅन, बॅटमॅन आणि वंडर वुमन मध्ये कुठे गेलेच नव्हते. सुपरमॅन तर 1952 पासून दूरचित्रवाणीवर होता. 1953-54 मध्ये कॅप्टन अमेरिका आणि ह्युमन टॉर्च यांना परत आणायचा प्रयत्न झाला, तो फसला, म्हणून चाहत्यांच्या कथेत त्याला जागा नाही. मार्शन मॅनहंटर हा सुपरहिरो 1955 च्या नोव्हेंबरचा, म्हणजे फ्लॅशच्या आधीचा. आणि 1960 च्या खपाच्या त्या निवेदनांत वरच्या दोन जागा सुपरहिरोंच्या नव्हत्याच. दहा लाखांवर खपणारी ती दोन्ही कॉमिक्स डिस्नेची, 'अंकल स्क्रूज' आणि 'वॉल्ट डिस्नेज कॉमिक्स अँड स्टोरीज'. प्रेमकथांची कॉमिक्स मुली वाचत होत्या, त्यांचे फॅनझीन निघाले नाहीत, म्हणून त्यांचा इतिहास आज इतका पातळ आहे. फॅनझीन खोटं बोलतं म्हणून फसगत होत नाही. ज्याच्यावर त्यांचं प्रेम नव्हतं त्याबद्दल ते गप्प असतात, आणि ती शांतता आपण 'तिथे काही नव्हतं' अशी वाचतो.

हा सरांच्या आक्षेपाहून मोठा आक्षेप आहे, आणि तो तुम्ही स्वतःच पहिल्या प्रकरणात घ्यावा असं मी सुचवेन. विषय बदलू नका. '1956 हे वर्ष कोणी ठरवलं' एवढा एक विभाग वाढवा, त्याला लागणारे पुरावे तुमच्या स्कॅनमध्येच असतील.

प्रत्यक्ष कामासाठी थोडं. प्रत्येक अंकाच्या नोंदीत तारखेचे दोन रकाने करा: अंकावर छापलेली तारीख आणि दुसरीकडून कळलेली. कॉमिक्सवर पुढच्या दोन-तीन महिन्यांची तारीख टाकायची पद्धत होती, दुकानात अंक जास्त दिवस ताजा दिसावा म्हणून. 'ॲक्शन कॉमिक्स'चा तो जूनचा अंक एप्रिलमध्येच विक्रीला आला होता. फॅनझीनचं नेमकं उलटं. अंक काढणाऱ्याची परीक्षा आली, शाई संपली, पैसे संपले, की 'वसंत'चा अंक पावसाळ्यात निघतो. आपल्याकडे अनियतकालिक हा शब्द उगाच आलेला नाही. छापील तारखांवरून कोणी कोणाचं उचललं हे ठरवायला गेलात तर परिणाम आधी आणि कारण नंतर, असा चमत्कार हाती लागेल. मी स्वतः अशा दोन नोंदी वर्षभर उलट्या लावून ठेवल्या होत्या.

मूळ अंक बघायची संधी कधी मिळालीच, तर मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयात कॉमिक्सचा मोठा संग्रह आहे आणि ओहायो स्टेटमध्ये बिली आयर्लंड व्यंगचित्र ग्रंथालय आहे. तिथल्या ग्रंथपालांना नेमका अंक आणि नेमकं पान सांगून नम्र ईमेल केलीत तर मदत मिळण्याची शक्यता बरी आहे. 'तुमच्याकडे सुपरहिरोंवर जे काही आहे ते पाठवा' अशा ईमेलला उत्तर येत नाही. मीही देत नसे.

आणि तुमच्या पन्नास स्कॅनमधून आधी शेवटची पानं काढा. पाकिटाचा खर्च वाचवायला हे लोक अंक घडी घालून, स्टेपल मारून, मागच्या पानावरच पत्ता आणि तिकीट लावून टाकायचे. स्कॅन करणाऱ्याने ते पान 'रिकामं' म्हणून गाळलं नसेल तर त्यावर टपालाचा शिक्का असेल, गाव आणि तारखेसकट. किती अंकांवर तो वाचता येतो ते मोजा आणि मला कळवा. तिथून पुढे बोलू.